सणाचा बाजार आणि कनवटीचा पैसा

दसरा उलटला की आमच्या काउंटरचे रूप बदलते. एरवी पासबुक भरून घेणारे पेन्शनर आणि कर्जाचा हप्ता भरणारे नेहमीचे चेहरे असतात. दिवाळीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत मात्र बोनसवाले, उचलवाले, भिशी लागलेल्या बायका, सोयाबीन विकून आलेले शेतकरी असे सगळे एकदम येतात. सर्वांना घाई एकच असते, पैसे काढावयाचे आणि बाजार गाठावयाचा. याच दिवसांत दुपारनंतर आणखीही काही माणसे येतात. ती रांगेत उभी राहत नाहीत. बाजूला थांबतात, आणि आपण मान वर केली की हळूच म्हणतात, "साहेब, पैसे गेले."

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा आम्ही कलाशाखेचे पदवीधर असल्याने साहित्यावर चार पाने लिहावीत असे मनात होते. पण वीस वर्षे नोटा मोजताना जे पाहिले ते सभासदांच्या आणि विद्यार्थ्यांच्या अधिक उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा विषय घेतला. आपला जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला असला तरी जुन्या सवयीने आमच्या तोंडी नगरच येते, त्याबद्दल वाचकांनी रागावू नये.

प्रथम बँकेपासूनच सुरुवात करू. सणाच्या काळातील चोर बाजारात नव्हे, बँकेतच गिऱ्हाईक हेरतो. कोणी किती काढले, कोठे ठेवले, सोबत कोण आहे, हे तो बाकावर बसून, हातात कोरी स्लिप धरून पाहत असतो. पूर्वी दोन हजारांच्या नोटा होत्या तेव्हा पन्नास हजार म्हणजे पंचवीस नोटा, सदऱ्याच्या आतल्या खिशात सहज मावत. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून मागे घेतली, आणि आता पन्नास हजार म्हणजे पाचशेच्या शंभर नोटांचे पुडके. ते पँटच्या खिशात घातले की बाहेरून दिसते. पिशवीत टाकले की माणूस पिशवी छातीशी धरून चालतो, आणि त्या चालण्यावरूनच चोराला सर्व कळते.

बँकेत होणारी एक हातचलाखी सांगणे जरूर आहे. एखादा नीटनेटका, गोड बोलणारा मनुष्य जवळ येतो आणि म्हणतो, "काका, बंडलात खोटी नोट निघाली हो मघाशी एकाला. द्या, बघून देतो." काका बंडल देतात. तो समोरच मोजतो, नोटा परत देतो, आणि त्यातील आठ-दहा नोटा मोजता मोजताच त्याच्या तळहाताखाली गेलेल्या असतात. घरी गेल्यावर काका आमच्यावर संशय घेतात, ते वेगळेच. तेव्हा पैसे काउंटरसमोरच मोजावेत. कमी वाटले तर तेथेच बोलावे. आम्हाला त्याचा राग येत नाही, आणि मागच्यांनी कितीही कुरकुर केली तरी खिडकी सोडू नये. अडचण असेल तर आत येऊन मॅनेजरला सांगावे, पण अनोळखी मदतनिसाच्या हाती बंडल देऊ नये. ए.टी.एम.मध्येही हाच मदतनीस भेटतो. तेथे तो कार्ड बदलतो. तुमच्या हाती त्याच रंगाचे दुसऱ्याचे कार्ड येते, आणि पिन त्याने पाहिलेला असतोच.

पैसे काढून दुचाकीच्या डिकीत ठेवणे ही तर चोराला दिलेली देणगीच होय. डिकीचे कुलूप दिसते तेवढे बळकट नसते. चहाला थांबलात, फटाक्याच्या स्टॉलवर उतरलात, की संपले. चाक पंक्चर झाल्याचे कोणी मागून ओरडून सांगितले आणि आपण पैशाची पिशवी हँडलला तशीच ठेवून वाकून पाहू लागलो, तरी तेच. पाठीवर घाण पडली आहे, अंगाला खाज सुटली आहे, खाली दहाच्या नोटा सांडल्या आहेत, या सर्वांचे काम एकच असते, तुमचे लक्ष क्षणभर पैशावरून काढणे. खाली सांडलेल्या नोटा जर खरोखर तुमच्या असतील तर शंभर-दोनशे जातील. त्या जाऊ द्याव्यात.

आता एस.टी. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे झाले आणि बाजारहाटाला बायका स्वतः नगरला येऊ लागल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. पण सणात गाड्यांना दारापासून गर्दी असते. आम्ही काही वर्षे जिल्ह्याच्या पूर्व भागात एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. त्या बाजूची माणसे ऊसतोडीला जातात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि कोयत्यामागे उचल ठरते. उचल म्हणजे मजुरीही नव्हे आणि बोनसही नव्हे. ते पुढील चार-सहा महिन्यांच्या घामावर आधी घेतलेले कर्ज असते. त्यातूनच दिवाळी, पोरांचे कपडे, म्हाताऱ्यांच्या गोळ्या आणि मागची देणी भागवावयाची.

२०२३ च्या दिवाळीपूर्वी अशाच एका जोडप्याने आमच्या खिडकीतून चाळीस हजार काढले. बाईने पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती कापडी पिशवीत, आणि वर भाकरीचे फडके असे ठेवले. आम्ही पाहत होतो आणि काही बोललो नाही, ही रुखरुख अजून आहे. नगरची गाडी लागली तेव्हा नवऱ्याने खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. बाईच्या काखेत लेकरू होते आणि दुसऱ्या हाताने तिने दाराची दांडी धरली. पिशवी मनगटावर लोंबत होती. पुढे एक मनुष्य पायरीवरच थांबला, "चप्पल अडकली" म्हणाला. मागून रेटा आला. हे सारे अर्ध्या मिनिटाचे काम. घाट चढताना कंडक्टर आला, एक पूर्ण आणि एक अर्धे तिकीट मागितले, तेव्हा पिशवीचा तळ ब्लेडने चिरलेला सापडला. भाकरीचे फडके जागेवर होते.

येथे चोरीचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. असे काम एकटा मनुष्य सहसा करीत नाही. एक अडवतो, दुसरा काढतो आणि काढलेला माल तत्काळ तिसऱ्याच्या हाती जातो. तिसरा गाडीत चढतच नाही. म्हणून सगळी गाडी थांबवून झडती घेतली तरी बहुधा काही मिळत नाही. पायरीवर कोणी विनाकारण अडला, की प्रथम आपला हात आपल्या पैशावर गेला पाहिजे. गाडी चुकली तर दुसरी येईल.

आमच्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हते. पण तिचा पैसा कधी गेला नाही. नऊवारीच्या कनवटीला घट्ट पिळा देऊन ती नोटा खोचून ठेवी आणि वरखर्चाचे सुटे पैसे चंचीत वेगळे असत. दुकानात चंची उघडे, कनवटीला हात लावीत नसे. आजोबांच्या कोपरीला आतून खिसा होता, त्याला चोरखिसाच म्हणत. ही जुनी रीत आजच्या कोणत्याही महागड्या पर्सपेक्षा भरवशाची आहे, कारण तिच्यात दोन गोष्टी आहेत. मोठा पैसा अंगाशी, कपड्याच्या आत. आणि लागणारा पैसा वेगळा, वरच्या वर. गर्दीत जो मनुष्य पाचशे काढण्यासाठी सगळे पुडके बाहेर काढतो, तो आसपासच्या सर्वांना आपली शिल्लक दाखवतो. शर्टाच्या किंवा परकराच्या आतून खिसा शिवून घेण्यास शिंपी फार तर चहाचे पैसे घेईल. पँटचा मागचा खिसा हा आमच्या मते खिसाच नव्हे. आणि पाठीवरची सॅक कॉलेजच्या मुलांनी गाडीत आणि गर्दीत पोटावर घ्यावी. मित्र हसतील तर हसू द्यावे.

कापड बाजार, मोची गल्ली, गंज बाजार, सराफ बाजार, दिवाळीच्या आधीच्या रविवारी येथे पाय ठेवण्यास जागा नसते. दागिने घालून कापड घेण्यास येण्याची आपल्या बायकांची हौस आम्हाला कळते, सणच आहे. पण गंठण किंवा पोत घालायचीच असेल तर ती पदराखाली असावी आणि ब्लाउजला सेफ्टी पिनेने अडकवलेली असावी. वृद्धांना मात्र निराळाच धोका असतो. दोन जण मोटारसायकलवर येतात, "आम्ही पोलीस आहोत, पुढे लूटमार झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणतात आणि रुमाल बांधून हातात देतात. घरी सोडल्यावर आत खडे निघतात. दुसरा प्रकार शेठचा. शेठला मुलगा झाला आहे, गरीब बायकांना साड्या वाटतो आहे, अंगावर सोने दिसले तर देणार नाही, काढून पिशवीत ठेवा. खरा पोलीस रस्त्यात कोणाचे दागिने काढायला लावीत नाही, एवढे आपापल्या घरातल्या आईला आणि सासूला एकदा बसवून सांगितले तरी पुष्कळ झाले. त्या वेळी घाबरून त्यांना काही सुचत नाही, म्हणून आधी सांगावयाचे.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. लाजेची आहे, पण सांगितली पाहिजे. २०१२ सालच्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब कापड बाजारात होतो. साड्या घेऊन बाहेर पडलो, वीस पावले गेलो आणि खिशाला हात लावला तो पाकीट नाही. शेजारी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा रांगोळीचे छाप विकत होता. मळका सदरा, पायात काही नाही, आणि क्षणापूर्वी तो "घ्या ना साहेब" म्हणत आमच्या अगदी जवळ आला होता. आम्ही त्याचा हात धरला. माणसे जमली. कोणीतरी म्हणाले, "हे तसलेच असतात, पालावरचे." त्या पोराला चार चापट्या बसल्या. पहिली आमची होती.

तेवढ्यात दुकानातला पोऱ्या धावत आला. पैसे देऊन झाल्यावर आम्ही पाकीट गादीवर ठेवले होते आणि ते साड्यांच्या ढिगाखाली गेले होते. माणसे पांगली. त्या मुलाने विखुरलेले छाप गोळा केले. दोन फुटले होते. आम्ही पन्नासाची नोट पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद ठेवली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो रद्द झाला. कागदावरून गेला, पण नगरच्या बाजारात २०१२ साली तो आमच्या हातात होता. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन आम्ही कॉलेजात असताना वाचले होते, त्याला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेही परीक्षेसाठी पाठ होते. त्या क्षणी त्यातले काही आठवले नाही. माणुसकीची गोष्ट थोडी बाजूला ठेवली, तरी व्यवहार म्हणूनही ही चूकच. सणाच्या गर्दीत हात मारणारा मनुष्य गिऱ्हाइकासारखा दिसावा म्हणून चांगले कपडे घालतो, हातात दुकानाची पिशवी धरतो. आपण मळक्या सदऱ्यावर डोळा ठेवतो आणि तो आपल्या दुसऱ्या बाजूला उभा असतो. लक्ष ठेवावयाचे ते आपल्या पैशावर. माणसांवर नव्हे.

आजकाल पाकिटापेक्षा मोबाईल जाणे अधिक महाग पडते, कारण बँक त्यातच आहे. फोन गेला की मनुष्य तासभर त्यावर रिंग देत बसतो. तो तास फार मोलाचा असतो. प्रथम दुसऱ्याच्या फोनवरून सिमकार्ड बंद करावे, कारण ओ.टी.पी. त्याच नंबरवर येतो. मग लगेच बँकेला कळवून यू.पी.आय. आणि कार्ड थांबवावे. पैसे गेल्याचे दिसले तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्यापूर्वी अडवता आले तर तेथेच अडतात. त्यानंतर पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत घेऊन सी.ई.आय.आर. या सरकारी संकेतस्थळावर फोन बंद करण्याची विनंती. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी आय.एम.ई.आय. क्रमांक लागतो. तो खोक्यावर आणि बिलावर असतो, शिवाय फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की दिसतो. आजच तो डायरीत लिहून ठेवावा. फोनमध्ये लिहून ठेवू नये, हे सांगावे लागते, कारण आमच्याकडे आलेल्या एका प्राध्यापकांनी तसेच केले होते.

पिनबद्दल थोडे. सांगू नका म्हटले तरी लोक काउंटरवर मोठ्याने पिन सांगतात, म्हणून आम्हाला ठाऊक आहे की आपल्या मंडळींमध्ये १४०४ आणि १९५६ हे आकडे फार लोकप्रिय आहेत. भावना समजते. पण ज्या घराच्या दारावर भीमजयंतीचे स्टिकर आहे, त्या घरच्या माणसाचा पिन चोर पहिल्या दोन प्रयत्नांत ओळखील. तसेच, पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात.

खात्यातून परस्पर रक्कम गेली तर काय, हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने घालून दिलेला नियम असा की, चूक बँकेची नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर बँकेकडून संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर काहीच भार पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळविल्यास ठराविक मर्यादेपर्यंत भार पडतो. पिन किंवा ओ.टी.पी. स्वतःच दिलेला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे दोन्ही बाबतींत घड्याळ चालू असते. तोंडी सांगून घरी जाऊ नये, तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रोख काढून नेलेले पैसे वाटेत गेले तर मात्र बँक काही करू शकत नाही. म्हणून ज्या दुकानात यू.पी.आय. किंवा कार्ड चालते तेथे मोठी खरेदी तशी करावी आणि रोख थोडीच जवळ ठेवावी असे आमचे नम्र मत आहे.

त्या ऊसतोड जोडप्याचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. एका पोलीस ठाण्यात ते गेले, तर "चोरी कोठे झाली? तेथे जा" असे उत्तर मिळाले. तेथे गेले, तर "गाडी नगरला गेली होती ना, मग नगरला" असे सांगण्यात आले. दोन दिवस आणि तिकिटाचे उसने पैसे त्यात गेले. अखेर ते गप्प बसले आणि हंगामाला निघून गेले. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात स्पष्टच म्हटले आहे की, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. तशा सूचना पूर्वीही होत्या, आता ते कायद्यात आहे. खबर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यावयाची असते. अधिकाऱ्याने नोंद नाकारली तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि त्यानेही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

नोंद घेताना 'गहाळ' असा शब्द पडतो का ते वाचून पाहावे. हरवले आणि चोरले यांत फार अंतर आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमाखाली साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, साखळी हिसकावणे हा ३०४ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा झाला आहे, आणि प्रवासी वाहनातून केलेल्या चोरीस ३०५ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'गहाळ' लिहिले की यातले काहीच लागू होत नाही. चोर सापडला तरी मुद्देमाल परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि वस्तू आपलीच हे दाखवावे लागते. सोन्याचे बिल आणि दागिन्यांचा एक फोटो घरात असला तर तेव्हा धावाधाव होत नाही. आणि तत्काळ मदत हवी असेल तर ११२.

ती बाई पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर पुन्हा आमच्या खिडकीशी आली. मागची उचल फेडायला त्यांना सगळा हंगाम पुरला नव्हता, थोडी बाकी नव्या उचलीतून वळती झाली होती. या वेळी तिने पंधरा हजारच काढले, बाकी खात्यात ठेवले. पैसे दोनदा मोजले. मागचा मनुष्य घाई करू लागला तर त्याच्याकडे वळून पाहिले आणि तिसऱ्यांदा मोजले. मग भिंतीकडे तोंड करून नोटा कनवटीला खोचल्या, लेकरू नवऱ्याकडे दिले आणि दोन्ही हात मोकळे ठेवून बाहेर पडली.